म्हैसमाळ गार की परभणी? डोंगरमाथ्यावरून हिवाळा वाचताना

डिसेंबर सरत आला की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. परभणीचा पारा घसरला, कृषी विद्यापीठात अमुक अंशांची नोंद, गावोगाव शेकोट्या पेटल्या. २०१८च्या डिसेंबरअखेर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत किमान तापमान २ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं, तेव्हा तर ही बातमी राज्यभर गाजली. याच दिवसांत संभाजीनगरची हौशी मंडळी थंडी अनुभवायला निघतात ती मात्र म्हैसमाळला. खुलताबादच्या वर, समुद्रसपाटीपासून १०६७ मीटर उंचीवरचं हे पठार. लोक त्याला कौतुकाने मराठवाड्याचं महाबळेश्वर म्हणतात. परभणी चारशे मीटरच्या आसपास. जितकं उंच तितकं थंड, हे आपण शाळेत शिकलो. मग राज्यातल्या सगळ्यात गार ठिकाणांत दरवर्षी परभणीचं नाव येतं कसं?

शाळेत शिकलेलं चुकीचं नाही, पण ते प्रामुख्याने दिवसाला लागू पडतं. हवा वर चढते तसा तिच्यावरचा दाब कमी होतो. दाब कमी झाला की ती पसरते, आणि पसरण्यात तिची स्वतःची उष्णता खर्ची पडते. उंचीवर दाब खरोखर कमी होतो का, हे पहिल्यांदा तपासलं गेलं तेही एका डोंगरावरच: १६४८ साली फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेव्हणा फ्लोरँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्युई द डोम नावाच्या डोंगरावर चढला, आणि माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा आठेक सेंटिमीटर खाली आला. कोरडी हवा दर किलोमीटर चढाईला साधारण पावणेदहा अंशांनी थंड होते. संभाजीनगर शहरातली चिकलठाण्याची वेधशाळा ५८० मीटरच्या आसपास, म्हैसमाळ तिच्यापेक्षा पाचशे मीटरला थोडं कमी इतकं उंच. म्हणजे जानेवारीतल्या निरभ्र दुपारी म्हैसमाळला शहरापेक्षा चार-पाच अंश कमी असणं अगदी हिशेबात बसतं. उन्हाळ्यात तिथे जाणाऱ्यांचे पैसे वसूल होतात ते याच हिशेबामुळे.

रात्री हिशेब बदलतो. सूर्य मावळल्यावर जमिनीची मिळकत बंद होते, खर्च मात्र चालूच राहतो. जमीन आपली उष्णता न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत असते. आकाशात ढग असतील किंवा हवेत बाष्प भरपूर असेल, तर त्यातला बराच भाग अडतो आणि परत जमिनीकडे येतो. आपल्याकडे हिवाळ्यात ढगही नसतात आणि बाष्पही बेताचंच, त्यामुळे उष्णता थेट निघून जाते. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. आधी थंड होते ती जमीन, हवा नाही. जमिनीला चिकटलेला हवेचा थर जमिनीच्या संगतीने गार होतो, त्याच्या वरचा थर त्याहून कमी, त्याच्या वरचा आणखी कमी. त्यात काळी जमीन वरून कोरडी पडलेली, भेगाळलेली असेल तर खालची ऊब वर पोचतच नाही, आणि पृष्ठभाग झपाट्याने निवतो.

गार हवा जड असते. उतारावर तयार झालेली गार हवा जागेवर थांबत नाही; पाण्यासारखी वाट काढत खाली सरकते, घळीतून ओढ्यात, ओढ्यातून लवणात म्हणजे खोलगट सखल जागेत, आणि जिथे पुढे जायला उतार नाही तिथे साचते. वेग फार नसतो, रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. झाडाच्या पानाला हलवेल एवढाही नाही. पण रात्रभर हे चालू राहिलं की पहाटेपर्यंत सखल भागात गारव्याचं अख्खं तळं भरतं. माथ्यावर मात्र जी हवा घसरून गेली तिच्या जागी बाजूची, जमिनीला न टेकलेली, म्हणून न निवलेली हवा येत राहते. माथ्याची थंडी सतत उपसली जाते.

याचा पुरावा मिळवायला यंत्र लागत नाही. जानेवारीत पहाटे मोटारसायकलवर म्हैसमाळहून खुलताबादकडे उतरणाऱ्या कुणालाही विचारा. वर सुसह्य असतं. उतार संपत येतो, रस्ता ओढ्यावरच्या पुलाशी खोलगट होतो, आणि तिथे अंगात एकदम हुडहुडी भरते; बोटं क्लचवर आखडतात. पूल ओलांडून गाडी पुन्हा चढाला लागली की शंभर पावलांत जीवात जीव येतो. लोक म्हणतात, पाणी आहे म्हणून गार लागतं. ओढा कोरडा ठणठणीत असला तरी गार लागतंच. ते पाण्यामुळे नाही, खोलगटपणामुळे.

जमिनीलगत थंड आणि वर उबदार, या उलट्या रचनेला भूगोलाच्या पुस्तकात तापमानाची विपरीतता म्हणतात. नाव जड आहे, खुणा सोप्या. पहाटे गावातल्या चुलींचा धूर सरळ वर जातो, आणि एका उंचीवर पोचला की छत लागल्यासारखा आडवा पसरतो. तो जिथे आडवा होतो तिथे वरच्या उबदार थराची हद्द सुरू झाली असं समजावं. दुसरी खूण कानाची आहे. हिवाळ्याच्या रात्री मैलोन्मैल दूरच्या रेल्वेची शिट्टी अगदी उशाशी वाजल्यासारखी ऐकू येते. रात्र शांत असते हे त्याचं अर्धंच कारण. उबदार हवेत आवाज जरा जास्त वेगाने जातो; त्यामुळे वर गेलेला आवाज वरच्या उबदार थरातून वळून पुन्हा जमिनीकडे येतो. ज्या रात्री शिट्टी फार जवळून येते, त्या पहाटे लवणातलं रान गारठलेलं असणार, असा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

मग म्हैसमाळला जाऊन आलेले कुडकुडल्याच्या गोष्टी सांगतात, त्या खोट्या का? मुळीच नाही. तापमापकाला वारा कळत नाही, माणसाला कळतो. आपल्या कातडीलगत शरीराने तापवलेल्या हवेचा पातळ थर असतो. वारा तो थर सारखा उडवून नेतो आणि शरीराला पुन्हा पुन्हा नवी हवा तापवत बसावं लागतं. उघड्या पठारावर वारा असतोच. त्यामुळे माथ्यावर दहा-बारा अंशांतही दात वाजतात, आणि परभणीच्या शिवारात सहा-सात अंशांत शेकोटीभोवती निवांत गप्पा रंगतात. माथ्याचा हिवाळा आकड्यांत सौम्य आणि अंगाला बोचरा, असं हे कोडं आहे. शिवाय माथ्यावर दुपार फार तापत नाही आणि रात्र फार निवत नाही, म्हणून दिवसा-रात्रीच्या तापमानात फरक कमी. खाली थंडीच्या लाटेत हा फरक वीस अंशांपर्यंत जातो. सकाळी कानटोपी आणि दुपारी पंखा, हे खोऱ्यातल्या हिवाळ्याचंच लक्षण.

आता मुद्द्याचं. डोंगरमाथ्यावरची नोंद मला मोलाची वाटते ती तिथे किती थंडी पडली हे कळावं म्हणून नव्हे. खालची थंडी कोणत्या जातीची आहे, हे तिच्यामुळे ओळखता येतं. थंडी दोन वाटांनी येते. एक, वाऱ्यावर बसून बाहेरून. दुसरी, रात्री जागच्या जागी तयार होणारी, जिचं वर्णन आत्तापर्यंत केलं. बाहेरून येणारी थंडी म्हणजे उत्तरेची. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ नावाच्या प्रणाली इराण-अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतात. त्या पुढे सरकल्या की त्यांच्या मागून थंड, कोरडं उत्तरेचं वारं मध्य प्रदेश ओलांडून आपल्याकडे पोचतं. अशी हवा जाड थराने येते, माथा आणि दरी तिला सारखेच. म्हणून माथ्याचं आणि खोऱ्याचं किमान तापमान जोडीने घसरलं, तर थंडी बाहेरून आलेली आहे. खोरं घसरलं आणि माथा होता तिथेच राहिला, तर ती स्थानिक रात्रीची करामत. आणि कडाक्याची लाट म्हणतात ती बहुधा दोन्ही एकावर एक आल्याने येते: आधी दोन-तीन दिवस उत्तरेचा वारा, मग वारा पडतो, आकाश स्वच्छ होतं, आणि मुळातच गार असलेली हवा रात्री आणखी निवते. म्हणून पारा तळ गाठतो तो बऱ्याचदा वारा थांबल्यानंतरच्या पहाटे. वारा पडला म्हणजे थंडी सरली, असं समजून स्वेटर कपाटात टाकणारे इथेच फसतात.

या नजरेने मागे वळून पाहिलं की मराठवाड्याच्या हिवाळ्याचे तुकडे सहज वेगळे करता येतात. साधारण ऑक्टोबरच्या मध्याला मोसमी पाऊस परततो, पण जमिनीत ओल असते. ओली जमीन उष्णता साठवून ठेवते, म्हणून रात्री लगेच निवत नाहीत. नोव्हेंबरात ओल ओसरते, रात्र लांबते, आणि लवणं भरायला लागतात. माथ्याला याची फारशी खबर नसते. मध्येच बंगालच्या उपसागरात एखादं वादळ उठतं आणि सगळं बिघडवतं. २०२४च्या नोव्हेंबरअखेर फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं. त्याचे ढग आणि बाष्प महाराष्ट्रापर्यंत आले, आणि ऐन डिसेंबरच्या तोंडावर जमत आलेली थंडी गायब झाली. दिवस मात्र ढगाळ, म्हणून उलट गार. अशा दिवसांत माथा-दरीचा उलटा खेळही बंद पडतो आणि शाळेतला नियम पुन्हा लागू होतो: वर गार, खाली ऊबदार. डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी हा खरा हंगाम. हुरड्याच्या आगट्या याच दिवसांत पेटतात, आणि ज्यांचं रान ओढ्याकाठी असतं त्यांच्याकडे हुरडा खायला जाणारा शहाणा माणूस दोन स्वेटर नेतो. फेब्रुवारीत सूर्य चढतो, रात्र आखडते. उत्तरेची थंड हवा आणि पूर्वेकडून येणारं बाष्प यांची गाठ पडली तर गारपीट होते. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यातला शेतकरी अजून विसरलेला नाही.

डोंगरावर वेधशाळा बांधून हिवाळा मोजायची परंपरा जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस या १३४५ मीटरच्या शिखरावर १८८३ ते १९०४ अशी एकवीस वर्षं माणसं राहिली आणि बर्फ उपसत दर तासाला नोंदी करत राहिली. स्थिर, निरभ्र हिवाळी हवेत शिखर पायथ्याच्या गावापेक्षा उबदार असल्याचं त्यांनाही आढळे. त्याच वेधशाळेत १८९४च्या सप्टेंबरात काही दिवस मुक्कामाला आलेला भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन ढगांवरचे प्रकाशखेळ पाहून इतका भारावला, की प्रयोगशाळेत ढग बनवायच्या नादातून त्याने विद्युतभारित कणांची वाट दाखवणारी मेघपेटी तयार केली आणि १९२७चं नोबेल मिळवलं. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनची गोष्ट वेगळी. उंची फक्त १९१७ मीटर, पण वादळांच्या वाटा तिथे एकमेकींना भेटतात. १२ एप्रिल १९३४ रोजी तिथल्या निरीक्षकांनी ताशी ३७२ किलोमीटरचा झोत मोजला. जगातला तो विक्रम १९९६मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर चक्रीवादळात मोडला गेला. २०२३च्या फेब्रुवारीत माउंट वॉशिंग्टनवर उणे ४४ अंशांची नोंद झाली. ती थंडी लवणात साचणारी नव्हे, वाऱ्यावर आलेली. अशा वेळी माथाच सगळ्यात गार. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा सुरू केली. तिचा भर पावसाळ्यावर, आणि ते बरोबरच आहे.

महाबळेश्वरचं नाव निघालं तर वेण्णा लेकचा विषय टाळता येत नाही. दर हिवाळ्यात फोटो येतात: बोटींच्या जेटीच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर, लिंगमळ्याच्या स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरे हिमकण. त्याच सकाळी गावातला अधिकृत आकडा शून्याच्या कितीतरी वर असतो, आणि मग सरकारी आकडे खोटे, अशी चर्चा रंगते. दोन्ही खरे असतात. एक तर वेण्णा परिसर बाजारपेठेपेक्षा खोलगट आहे, म्हणजे पठारावर असूनही ते लवणच. म्हैसमाळच्या पठारावरही अशा लहान खळग्या आहेत; उंच गाव म्हणजे सगळं माथा, असं नसतं. दुसरं कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे.

वेधशाळेतला तापमापक उघड्यावर नसतो. गवताळ मोकळ्या जागी, जमिनीपासून साधारण सव्वा-दीड मीटरवर, पायांवर उभी केलेली पांढरी लाकडी पेटी असते. तिच्या भिंती झडपांच्या, म्हणजे हवा खेळते पण ऊन आणि आकाश थेट लागत नाही. आत किमान तापमापक आडवा ठेवलेला असतो. त्यात पारा नसतो, अल्कोहोल असतं, आणि अल्कोहोलात बुडालेली दोन्ही टोकांना जाडसर अशी काचेची बारीक काडी. रात्री अल्कोहोल आकसतं तसा त्याचा पृष्ठभाग काडीला मागे ओढत नेतो. सकाळी ते पुन्हा पसरतं तेव्हा काडीच्या बाजूने निघून जातं आणि काडी तळ गाठलेल्या जागी तशीच पडून राहते. निरीक्षक सकाळी येतो, काडीचं, नळीच्या टोकाच्या फुग्यापासून लांबचं टोक कुठे आहे ते वाचतो आणि नळी तिरपी करून काडी पुन्हा अल्कोहोलाच्या पृष्ठभागाला टेकवतो. आता बऱ्याच ठिकाणी स्वयंचलित यंत्रं आली, पण ही काडी इतकी हुशारीची रचना आहे की तिला निरोप द्यावासा वाटत नाही. हा झाला पेटीतल्या हवेचा आकडा. गवताच्या टोकाशी वेगळा तापमापक ठेवला तर निरभ्र रात्री तो पेटीपेक्षा कित्येक अंश खाली जातो, आणि गाडीचा पत्रा तर आकाशाकडे उष्णता सोडून आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो. पेटीत चार-पाच अंश असताना टपावर दव गोठलेलं दिसणं यात म्हणूनच नवल नाही.

परभणीत कृषी विद्यापीठाचा आणि हवामान खात्याचा आकडा एकाच पहाटे वेगवेगळा येतो, त्याचंही उत्तर यातच आहे. विद्यापीठाचा परिसर मोकळ्या शेतांचा. शहरात डांबर, सिमेंट आणि भिंती दिवसाची ऊब रात्री परत करत राहतात. ‘परभणी’चा आकडा वाचताना तो कुणाचा, हे आधी बघावं. थंडीची लाट कधी म्हणायची याचे हवामान खात्याचे निकषही जागेनुसार बदलतात. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरलेलं हवं, किंवा थेट ४ अंशांवर आलेलं हवं. २ अंश किंवा कमी झाले की लाट तीव्र. डोंगराळ भागासाठी हीच सुरुवातीची पायरी शून्याची.

शेतकऱ्याला हे सगळं कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी एवढंच, की जमिनीची निवड आणि रात्रीचा उपाय दोन्ही यावर ठरतात. थंडीला हळवी फळबाग लवणात लावली की दर दोन-चार वर्षांनी फटका बसतो; त्याच गावात मधल्या उतारावरची बाग तरून जाते. बांध, दाट कुंपण किंवा रस्त्याचा भराव उताराला आडवा पडला तर त्याच्या वरच्या अंगाला गार हवा अडून बसते, म्हणून अशा ठिकाणी खालच्या बाजूला मोकळी फट ठेवावी. रात्री हलकं पाणी दिलं की ओली जमीन खालची ऊब वर पोचवते. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात त्याचं श्रेय लोक धुराला देतात, पण काम करते ती उष्णता आणि तिच्यामुळे खालीवर मिसळणारी हवा. म्हणूनच एक मोठा जाळ करण्यापेक्षा बागेभर लहान लहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या जाळाची तापलेली हवा वरचा उबदार थर भेदून निघून जाते, लहानांची त्याच्या खालीच फिरत राहते. हे सगळं जमतं ते वर उबदार थर असेल तेव्हा. उत्तरेचा वारा सुटलेल्या रात्री तसा थर नसतो, मिसळायला वर ऊबच नसते, आणि सरपण फुकट जातं. तेव्हा भरवसा पाण्यावर. त्यामुळे संध्याकाळी अंदाज बघताना किमान तापमानाच्या आकड्याशेजारी वाऱ्याचा वेग आणि दिशा दिलेली असते, ती आधी वाचावी आणि मग सरपण काढायचं की मोटर चालू करायची ते ठरवावं.